काला आणि निकाल

यंदाच्या वैशाखात गावच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप आला. "महाराज, दहावीच्या गुणपत्रिका वाटायच्या आहेत. त्या दिवशी मुलांना चार शब्द सांगायला या." कीर्तन सोडून मला सहा वर्षे झाली. गुडघे उभे राहू देत नाहीत आणि आवाज वरच्या स्वराला जाताच फुटतो. तरी बसून बोलता येईल म्हणून होकार दिला. होकार दिला खरा, पण त्या रात्री झोप लागली नाही. काय बोलावे याची काळजी नव्हती. उभा जन्म बोलण्यातच गेला आहे. काळजी होती ती अशाच प्रसंगी मी पूर्वी एकदा जे बोलून बसलो त्याची. ते पुढे सांगणार आहेच. आधी विषय मांडतो, कारण विषय नीट मांडल्यावाचून माझी चूक नेमकी कोणती हे कळायचे नाही.

विषय असा आहे. हाती घेतलेल्या कामाचा शेवट कसा करावा? आपल्या संप्रदायात सप्ताहाचा शेवट काल्याने होतो. शाळेच्या वर्षाचा शेवट निकालाने होतो. दोन्ही शब्द कानाला जवळचे, पण कामाने एकमेकांच्या उलट. काल्यात वेगळे असलेले एकत्र येते. निकालात एकत्र असलेले वेगळे होते. पाचवीपासून एका बाकावर बसलेली दोन पोरे निकालाच्या दुपारी दोन वाटांना लागतात आणि पुढे जन्मभर रस्त्यात भेटली तरी पहिल्यासारखी बोलत नाहीत. मग प्रश्न पडतो की यातला खरा शेवट कोणता? निकाल खोटा म्हणावा, तर जगाचा व्यवहार चालत नाही. काला खोटा म्हणावा, तर आपण इतकी वर्षे मांडवात नाचलो ते कशासाठी?

पहिल्यांदा काला पाहू. वारकऱ्यांना काला सांगायचा म्हणजे आजोळची वाट सांगायची, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. गोपाळांनी आपापल्या घरून शिदोऱ्या आणल्या. कुणाच्या घरचे दही, कुणाची शिळी भाकर, कुणाचे नुसते लोणचे. पेंद्या लंगडा, त्याची शिदोरीही बेताची. देवाने सगळे एकत्र कालवले. कालवल्यावर दह्याने आपली चव सोडली नाही आणि लोणच्यानेही सोडली नाही. फक्त "हे कुणाचे" हा प्रश्न उरला नाही. ज्याची शिळी भाकर होती त्यालाही देवाच्या हातचा घास मिळाला. तो घास आपल्यालाही मिळावा म्हणून स्वर्गातले देव यमुनेत मासे होऊन आले, अशी कथा आपण सांगतो. तेव्हा काला म्हणजे सगळे सारखे झाले असे नव्हे. काला म्हणजे कुणी बाहेर राहिला नाही.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात याच काल्याला लागून ब्रह्मदेवाची कथा आहे. ब्रह्मदेवाला देवाची परीक्षा पाहण्याची इच्छा झाली. त्याने वासरे चोरली, गोपाळ चोरले. मग देव स्वतःच तितकी वासरे झाला, तितके गोपाळ झाला. ज्याचे हातपाय जसे, ज्याची काठी जशी, ज्याचा स्वभाव जसा, अगदी तसाच झाला. लंगड्याच्या जागी लंगडा झाला, हट्टी पोराच्या जागी हट्टी झाला. संध्याकाळी त्या त्या आईच्या घरी गेला. आयांना काही कळले नाही; त्यांना एवढेच जाणवले की अलीकडे पोरावर माया फार येते आहे. आणि हे किती दिवस चालले? एक वर्ष. ब्रह्मदेवाच्या हिशोबाने तो क्षणभर होता, गोकुळाच्या हिशोबाने एक वर्ष होते. शाळेचे वर्षही एकच असते. त्या एका वर्षात मास्तरांच्या समोरच्या बाकांवर कोण बसलेले असते, हे या कथेच्या अंगाने विचारात घ्यावे. परीक्षा घ्यायला आलेला ब्रह्मदेवच शेवटी हात जोडून उभा राहिला, हेही ध्यानात ठेवावे.

आता शाळेकडे वळू. माध्यमिक शाळेचे वर्ष एकाएकी संपत नाही. पायरी पायरीने संपते. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ होतो. मुली आईच्या साड्या नेसून येतात, मुलगे इस्त्रीचे शर्ट घालतात. वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ नाहीतर सरस्वतीची तसबीर भेट देतात. वर्षभर धाक घालणारे गणिताचे सर बोलता बोलता थांबतात आणि चष्मा पुसू लागतात. मुली रडतात, मुलगे रडू दाबतात. मग हॉलतिकिटे येतात, बोर्डाची परीक्षा होते. एप्रिलात खालच्या वर्गांच्या परीक्षा उरकतात. १ मे या महाराष्ट्रदिनी झेंडावंदन झाले की पुष्कळ शाळांत प्रगतिपुस्तके वाटतात. आणि मे महिन्यात कधीतरी भर दुपारी दहावीचा निकाल लागतो. आमच्या वेळी तो वर्तमानपत्रात आकड्यांच्या रांगांत छापून येई. आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो. त्यानंतर काही दिवसांनी शाळेत गुणपत्रिका मिळते आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला.

नीट पाहिले तर शाळेतही काला आहे. निरोप समारंभ हा काला नव्हे तर काय? त्या दिवशी कुणी पास नसतो, कुणी नापास नसतो. सगळे एकाच मांडवात बसतात, एकाच पुड्यातला चिवडा खातात, एकमेकांना मिठी मारतात. फरक एवढाच की शाळेने काला आधी ठेवला आणि निकाल शेवटी. आपण सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर करतो आणि आठव्या दिवशी काला करून उठतो. शाळा सगळ्यांना एकदा पोटाशी धरते, मग परीक्षेला धाडते, आणि निकाल लागल्यावर सगळ्यांना पुन्हा कधीच एकत्र बोलावत नाही. गुणवंतांना बोलावते, त्यांना शाल-श्रीफळ मिळते, फलक लागतो. जो राहिला तो गुणपत्रिका न्यायलासुद्धा स्वतः येत नाही. धाकट्या भावाला पाठवतो. शेवटी जे घडते तेच मनात राहते. पोराच्या मनात शाळा म्हणून जे उरते ते निरोपाचे रडू नव्हे, निकालाची दुपार उरते.

यावर पूर्वपक्ष येतो, आणि तो हलका नाही. पूर्वपक्ष म्हणतो, "महाराज, तुम्ही काल्याच्या नादाने निकालच नको म्हणता की काय? ज्या मुलीने पहाटे चारला उठून अभ्यास केला, घरचे शेण-पाणी करून नव्वद टक्के मिळवले, तिला आणि ज्याने वर्षभर पुस्तक उघडले नाही त्याला एकाच पंक्तीला बसवणार? मग कष्टाची किंमत काय?" प्रश्न बरोबर आहे. आपल्यातही काला पहिल्या दिवशी मिळत नाही. सात दिवस उभे राहावे लागते. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत, जोग महाराजांनी १९१७ साली लावलेल्या त्या वृक्षाखाली, चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो लाडाचा नाही. पाठांतर म्हणून दाखवावे लागते. चाल चुकली, शब्द चुकला, तर तिथल्या तिथे थांबवतात. परीक्षा नको असे आपली परंपरा कधीच म्हणालेली नाही.

परीक्षाच घेतली नाही तर काय होते तेही आपण पाहिले आहे. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. हेतू चांगला होता. लहान पोराला नापास म्हणून घरी बसवू नये हा होता. पण पुष्कळ ठिकाणी "नापास करायचे नाही" याचा अर्थ "पाहायचेच नाही" असा झाला. ज्याला धड वाचता येत नाही असा मुलगा ढकलत ढकलत नववीत आला आणि तिथे एकदम भिंतीवर आदळला. पुढे कायदा बदलला, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. सांगायचे इतकेच की न तपासणे म्हणजे माया नव्हे. ज्या कुंभाराने मडके वाजवून पाहिले नाही, त्याने मडक्यावर उपकार केले नाहीत.

कुंभार म्हटल्यावर तेरचे गोरोबाकाका आठवणारच. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे काय? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते पाहतो. मुक्ताई म्हणाली, मग आम्हीही मडकीच, आम्हाला पाहा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत बसले. नामदेवराय रागावले. काकांनी निकाल दिला की हे एक मडके कच्चे आहे. म्हणजे संतांच्या मेळ्यातही परीक्षा झाली, निकाल लागला आणि एक जण नापास झाला! तोही कोण, तर देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचे जेवतो असा. विठ्ठलानेही नामदेवांचा कैवार घेऊन निकाल फिरवला नाही. त्याने विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्या नागनाथाला नामदेवांना गुरू भेटले आणि मडके पक्के झाले.

या कथेत एक बारकी गोष्ट आहे. मडके दोन माणसे वाजवून पाहतात. एक कुंभार आणि दुसरे गिऱ्हाईक. बाजारात बाई माठ घ्यायला येते, बोटाच्या पेराने टकटक करते, आवाज बद्द आला की बाजूला सारते आणि दुसरा उचलते. तिचे काही चुकत नाही. तिला आजच्या आज पाणी भरायचे आहे. कुंभारही तसेच वाजवतो. पण कच्चे निघाले तर तो टाकून देत नाही. तो म्हणतो, याला आणखी आच हवी. हात तोच, आवाज तोच, "कच्चे" हा शब्दही तोच. गिऱ्हाइकाच्या तोंडी तो शब्द शेवट असतो. कुंभाराच्या तोंडी ती पुढच्या कामाची सुरुवात असते.

माझ्या मते सिद्धांत इथे आहे. निकाल खोटा नाही. निकाल कुणाच्या हातून लागतो, यावर तो धर्म की अधर्म हे ठरते. नामदेवांना कच्चे म्हटल्यावर मेळ्यातून कुणी उठवले नाही. मेळा त्यांचाच राहिला. पुढे त्यांनी उत्तरेत पंजाबापर्यंत भागवतधर्म नेला, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची पदे मानाने आहेत, आणि पंढरीला महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे. काल्याच्या आत लागलेला निकाल असा असतो. काल्याच्या बाहेर लागलेल्या निकालाला आपल्या भाषेत दुसराच अर्थ आहे. "त्याचा निकाल लावला" म्हणजे त्याला संपवला.

आता शाळांकडे बघा. दारावर फलक असतो, "शंभर टक्के निकालाची परंपरा." वाचून आनंद होतो. पण काही ठिकाणी, सगळीकडे नव्हे, हे शंभर टक्के कसे होतात? नववीलाच कच्ची मडकी ओळखायची, पालकाला बोलवायचे आणि गोड शब्दांत सांगायचे की दाखला घेऊन जा, नाहीतर बाहेरून बसवा, १७ नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून परीक्षा देण्याची ती सोय ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी आहे. ज्याची शाळा सुटलेली नाही त्याची सोडवण्यासाठी नाही. कच्चे मडके भट्टीतून काढून रस्त्यावर ठेवायचे आणि मग म्हणायचे की आमच्या भट्टीत एकही कच्चे निघत नाही! इथे कुंभारच गिऱ्हाईक झाला.

पण शाळेला बोल लावण्याचा अधिकार मला किती आहे, ते आता सांगतो.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. दहावीचा निकाल नुकताच लागलेला. गावकऱ्यांनी ठरवले की काल्याच्या मांडवातच पहिल्या तीन नंबरांचा सत्कार महाराजांच्या हस्ते करायचा. माझा आवाज तेव्हा भरात होता, मांडव गच्च भरला होता, आणि मांडव भरला की कीर्तनकाराला हशा हवासा वाटतो हे मी लपवत नाही. सत्कार झाला. मी मुलांचे कौतुक केले. ते करता करता म्हणालो, "मंडळी, आपल्या पंढरीच्या मोठ्या वाऱ्या दोन, आषाढी आणि कार्तिकी. पण काही पोरांनी तिसरी वारी काढली आहे, ऑक्टोबरची!" नापासांची फेरपरीक्षा तेव्हा ऑक्टोबरात असे. विनोद माझा नव्हता. तो शाळाशाळांतून चालतच होता. मांडव खदखदून हसला. मीही हसलो.

कीर्तनकाराला पुढचे दिसते, मागचे दिसत नाही. मागे टाळकऱ्यांच्या रांगेत सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. लहानपणापासून माझ्या मागे टाळ धरणारा. चाल उचलायला असा तयार की मी श्वास घ्यायला थांबलो तर तो पुढचे उचलून धरी. त्या वर्षी तो गणितात आणि इंग्रजीत राहिला होता. मला हे ठाऊक नव्हते असे म्हटले तर ती माझी सुटका होईल. पण खरे ते सांगावे. मला ठाऊक होते, आणि त्या क्षणी आठवले नाही. हसू ओसरले, मी पुढचे पद घेतले, तेव्हा मागून एक टाळ कमी वाजतो आहे हे कानाला कळले. मन तिथे गेले नाही. काला झाला, हंडी फुटली, प्रसाद वाटला गेला. टाळाची एक जोडी देवळाच्या खुंटीवर लटकत होती.

महिन्याभराने त्याचे वडील भेटले. मी विचारले, "काय म्हणतो मुलगा?" ते रागावले असते तर बरे झाले असते. ते नेहमीसारखेच वाकून बोलले. "महाराज, पोरगं फॉर्म भरायला गेलंच नाही. रस्त्यानं पोरं विचारत्यात, 'ऑक्टोबरच्या वारीला निघालास का रं?' नाही म्हणतंय, जाणार नाही."

माझा शब्द पोरांनी उचलला होता. आणि शब्द कोणता, तर वारी! ज्या शब्दावर माझे पोट भरले, ज्या शब्दासाठी माझ्या वाडवडिलांनी पाय झिजवले, तो शब्द मी एका पोराला हिणवायला वापरला. तेही काल्याच्या दिवशी, जिथे पेंद्यालाही घास मिळतो त्या मांडवात. गोपाळकाला सांगता सांगता मी गिऱ्हाईक होऊन मडके वाजवले आणि बाजूला सारले.

त्याने पुन्हा परीक्षा दिली नाही. गाव सोडले. मी निरोप धाडले, एकदा घरीही गेलो. भेट झाली नाही. दहाएक वर्षांनी माउलींच्या पालखीबरोबर जाताना लोणंदच्या तळावर आमच्या दिंडीजवळ पाण्याचा टँकर लागला. चालवणारा खाली उतरला तो तोच. "ओळखलंत का महाराज?" म्हणाला आणि पाया पडला. मीही त्याच्या पाया पडलो. वारीत ती रीतच आहे. त्याने दिंडीचे पिंप काठोकाठ भरून दिले. मी विचारले, "टाळ धरतोस का कधी?" म्हणाला, "नाही महाराज, वेळ कुठं असतो." मग मी म्हणालो, "माझं चुकलं होतं बाबा." त्याने माझ्याकडे पाहिले. "कशाचं?" म्हणाला, आणि पाईप गुंडाळू लागला. तो खरोखर विसरला होता की मला मोकळे करत होता, हे मला आजवर कळलेले नाही. पायावर डोके ठेवले की देणेघेणे मिटते असे आपण म्हणतो. माझ्याकडून मिटले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तेव्हापासून वारी या शब्दाचा मी पुन्हा विचार केला. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे. एकदा पंढरपूर पाहून आला तो यात्रेकरू. पुन्हा गेला तो वारकरी. यंदा दर्शनबारीत चोवीस तास उभे राहून पायावर डोके ठेवायला मिळाले नाही, कळस पाहून परतावे लागले, तर आपण म्हणतो का की वारी फुकट गेली? आपण म्हणतो, पुढच्या वर्षी. एखादा माळकरी पावसात आजारी पडून वाटेतून माघारी फिरला, तर त्याला नापास म्हणणारी दिंडी मी पाहिलेली नाही. दिंडी त्याचे ओझे वाहते आणि पुढच्या वर्षी त्याची जागा राखून ठेवते. मग पुन्हा परीक्षेला बसणारे पोर खरोखरच वारकरी नव्हे का? ज्या शब्दाने मी त्याला हिणवले तो शब्द मुळात त्याचा मान होता. मला अर्थ उलटा लागला होता.

अलीकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर "अनुत्तीर्ण" असा शेरा न लिहिता "कौशल्य विकासास पात्र" असे लिहू लागले आहेत. शब्द मऊ झाला, बरे झाले. पण नुसत्या शब्दाने काम होत नाही. गाव तोच असेल तर मऊ शब्दाचाही उद्या विनोद होईल. फेरपरीक्षाही आता ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही. जून-जुलैत, आषाढीच्या आसपासच येते. देवाने योग जुळवून दिला आहे. आपण पंढरीची वाट चालत असतो तेव्हा ही मुले आपली वाट चालत असतात.

असो. यंदाच्या त्या कार्यक्रमाकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापकांना म्हणालो, "येतो, पण सगळी मुले येणार असतील तर." ते म्हणाले, "महाराज, राहिलेली मुलं येत नाहीत. लाजतात." मी म्हणालो, "मग आपण जाऊ." त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून आम्ही चार घरी गेलो. एका घरी वडील तोडून बोलले, "कशाला मिरवताय त्याला चारचौघांत?" त्यांचे बरोबर होते. मी त्यांना शब्द दिला की कुणाचे नाव घेणार नाही, कुणाला पुढे बोलावणार नाही, फक्त पंक्तीला जागा असेल. चारांपैकी दोघे आले. एक मागच्या रांगेत खांबाआड बसला. मी तिकडे पाहिले नाही. पण या खेपेला मागे कोण आहे हे मला ठाऊक होते.

पहिल्या आलेल्या मुलीला नारळ दिला, आणि मनापासून दिला. कष्टाचा मान कमी करून काला होत नसतो. मग काल्यासाठी प्रत्येकाने घरून आणलेल्या लाह्या, पोहे, दही एका पातेल्यात कालवले. सर म्हणाले, वाढायला कोण येते? तो खांबाआडचा मुलगा उठला. त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने सगळ्यांना वाढले, मला वाढले, शेवटी स्वतः घेतले. त्यानंतर इंग्रजीच्या बाई त्या दोघांना घेऊन ऑफिसात गेल्या आणि फेरपरीक्षेचे अर्ज भरून घेतले. काल्यात माझे काम थोडे होते. खरे काम बाईंनी केले. मडक्याला आच द्यायला कुणीतरी भट्टीपाशी बसावे लागते.

निघताना टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा होता. सहज एक उचलून वाचला. शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो, वर्तणूक. त्यात लिहिले होते, "चांगली." दुसरा पाहिला, "चांगली." गठ्ठ्यातल्या सगळ्या दाखल्यांवर तेच होते, नव्वद टक्केवाल्याच्याही आणि राहिलेल्याच्याही. क्लार्क म्हणाले, "महाराज, ते आम्ही सगळ्यांचंच लिहितो." सवयीने लिहीत असतील. पण मला वाटले, चला, शाळेच्या कागदात एक तरी रकाना काल्याचा आहे. गुणपत्रिका वेगळे करते, दाखला पुन्हा एकत्र आणतो. पोरे जन्मभर दाखला जपून ठेवतात. त्यात हा शब्द असतो हे त्यांना कुणी वाचून दाखवत नाही.

माझी गावोगावच्या वारकरी मंडळींना आणि विशेषतः कीर्तनकार बांधवांना एक विनंती आहे. मे-जूनमध्ये आपल्याला सत्कारांची निमंत्रणे येतात. सत्कार जरूर करावे. पण मांडवात उभे राहिल्यावर एकदा मागे वळून टाळकऱ्यांकडे पाहावे. आपल्या गावात कोण राहिले आहे हे आधी विचारून घ्यावे. पुढे बोलावण्यासाठी नव्हे, आपली जीभ सांभाळण्यासाठी. फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते, ती टळण्याआधी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. आणि देवळाच्या खुंटीवर एखादी टाळाची जोडी रिकामी लटकलेली दिसली, तर ती कुणाची होती हे आठवावे.

आमच्या देवळातली ती जोडी अजून आहे. पितळ काळे पडले आहे. दर एकादशीला मी चिंचेने घासून पुन्हा खुंटीला लावतो.

रामकृष्ण हरी.